बॉडी घ्यायच्या आधी तो एक सेकंद आठवा

मंगलाष्टकं संपत येतात. शेवटचं ‘सावधान’ होतं, भटजी अंतरपाट खाली घेतात आणि मांडवातले दोनशे-तीनशे हात एकदम वर जातात. नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात तो क्षण जेमतेम सेकंदभराचा. त्या सेकंदात नवरीच्या चेहऱ्यासमोरून अक्षता उडत असतात, वाजंत्री सुरू झालेली असते आणि कुणा काकांचा मोबाइल फ्रेममध्ये शिरत असतो. फोकस तिच्या डोळ्यांवर टिकणार की समोरून गेलेल्या तांदळाच्या दाण्यावर उडी मारणार, हे त्या सेकंदात हातातली बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ठरवते. आपलं कसब त्याआधी कामाला आलेलं असतं: कुठं उभं राहायचं, कोणती लेन्स लावायची. तो सेकंद मात्र यंत्राचा असतो.

मी साताऱ्यात लग्नाची कामं करतो, मोकळ्या वेळात पक्षी बघायला जातो. ‘दादा, कोणती बॉडी घेऊ?’ हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणाऱ्याचे मेगापिक्सेल पाठ असतात, व्हिडिओ बघून झालेले असतात आणि डोक्यात दोन नावं पक्की असतात. मी त्याला उलटा प्रश्न विचारतो: गेल्या सहा महिन्यांत तुझा जीव जळला असा फोटो कोणता हुकला, आणि का हुकला? फोकस गेला, अंधार होता, कॅमेरा अडकला, पाऊस आला, की कार्ड गेलं? या प्रत्येक उत्तराची बॉडी वेगळी आहे. नवीन बॉडीची जाहिरात सगळीच कामं एका कॅमेऱ्यात होतील असं सांगते. ती होतातही, पण ज्या गुणाची तुम्हाला गरज नाही त्याचेही पैसे तुम्ही भरता, आणि तेवढ्याच पैशांची लेन्स हातची जाते.

एकच सेन्सर, दोन बॉड्या

बॉडीत नेमकं काय विकत मिळतं, हे समजायला कॅननच्या दोन कॅमेऱ्यांची जोडी फार उपयोगी पडते. आर६ मार्क २ आला २०२२ मध्ये, आर८ आला २०२३ मध्ये. दोन्हींत उजेड टिपणारा २४ मेगापिक्सेलचा मोठा, ‘फुल फ्रेम’ सेन्सर जवळपास तोच, डोळा शोधून धरून ठेवणारा ऑटोफोकसही तसाच. चांगल्या उजेडात दोन्हींनी काढलेला फोटो शेजारी ठेवला तर मला तरी ओळखता येणार नाही. किमतीत मात्र मोठा फरक आहे.

तो फरक कशाचा? आर६ मार्क २ मध्ये दोन कार्डं बसतात, आर८ मध्ये एकच. पहिल्यात हाताची थरथर सावरायला सेन्सरच हलतो, दुसऱ्यात ती सोय नाही. पहिल्याची बॅटरी मोठी. पकड भरीव. शटर सेकंदाच्या ८००० व्या भागापर्यंत जातं, आर८चं ४००० व्या भागापर्यंत. वजनात मात्र आर८ बाजी मारतो: बॅटरी-कार्डासकट ४६१ ग्रॅम, तर आर६ मार्क २ ६७० ग्रॅम.

आता कामं आठवा. घरच्या मुलांचे, सहलीचे, गडावरचे फोटो काढणाऱ्याने आर८ घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बरी लेन्स. दोनशे ग्रॅम कमी वजनाचं मोल राजगडाची पायवाट चढताना कळतं. लग्नाचं काम करणाऱ्याला मात्र मी आर८ एकटा घेऊ देणार नाही, त्याचं कारण ते दुसरं कार्ड.

माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका लग्नात हळदीपासून कन्यादानापर्यंतचे फोटो एकाच कार्डावर होते. रात्री घरी येऊन कार्ड लावलं तर संगणक म्हणाला, फॉरमॅट करा. बरेचसे फोटो पुढे सॉफ्टवेअरने परत मिळाले, पण कन्यादानाचे जवळजवळ सगळे गेले. नवरीच्या वडिलांना ते सांगायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. त्या दिवसानंतर एका कार्डाच्या बॉडीवर मी पैसे घेऊन काम केलेलं नाही. जे काम पुन्हा करता येत नाही, त्याचा प्रत्येक फोटो त्याच क्षणी दोन जागी लिहिला गेलाच पाहिजे. ही एक अट सोडून बाकी सगळ्या गोष्टींवर मी वाद घालायला तयार आहे.

लग्नाला मेगापिक्सेल किती लागतात? आपल्याकडचा नेहमीचा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा, म्हणजे उघडल्यावर दोन पानं मिळून ३६ इंच. एका पानाला १२ बाय १८. इंचाला ३०० ठिपके या चोख छपाईच्या हिशेबाने एका पानाला ३६०० बाय ५४०० ठिपके हवेत, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो. पूर्ण पान भरून वर थोडं उरतं. तोच फोटो दोन्ही पानांवर पसरला तर इंचाला १६६ ठिपके पडतात, आणि मांडीवर घेऊन अल्बम बघणाऱ्या आत्याबाईंना त्यात काहीही उणं दिसत नाही. याउलट ४५ मेगापिक्सेलवर दोन दिवसांचे चार हजार रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेले कच्चे, फोटो काढले तर फाइलमागे ५० एमबी धरून २०० जीबी होतात, आणि ते साठवायला, उघडायला, निवडायला जो वेळ जातो त्याचे पैसे पार्टी देत नाही. २४ ते ३३ मेगापिक्सेलच्या बॉड्या, म्हणजे आर६ मार्क २, निकॉन झेड६ थ्री, सोनी ए७ फोर, लग्नाच्या धंद्यात इतक्या दिसतात त्यामागे हे साधं गणित आहे.

हजेरी घेणारा सेन्सर

आता जरा अवघड भागाकडे येऊ, कारण बॉडीच्या किमतीत जे मोठे टप्पे आहेत त्यातला सगळ्यात मोठा सेन्सर किती वेगाने वाचला जातो याच्यामुळे पडतो आणि दुकानात तो कुणी समजावून सांगत नाही.

सेन्सरवर लाखो ठिपके ओळींत मांडलेले असतात. इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना, म्हणजे कुठलाही पडदा न हलता आवाज न करता फोटो निघतो तेव्हा, बहुतेक सेन्सर त्या ओळी एकामागून एक वाचतात. वर्गात बाई पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हजेरी घेतात तसं. हजेरी हळू चालली, तर शेवटच्या बाकाची पाळी येईपर्यंत पहिल्या बाकावरची पोरं जागा बदलून बसलेली असतात. उडणाऱ्या बगळ्याचे पंख वाकडे येतात, बॅट रबराची असल्यासारखी दिसते, ती याच कारणाने. शटर स्पीड कितीही वाढवला तरी हे जात नाही, कारण प्रत्येक ओळ थोडाच वेळ उजेड घेते हे खरं असलं तरी सगळ्या ओळी एका वेळी घेत नाहीत.

नेहमीच्या फुल फ्रेम सेन्सरला ही हजेरी पुरी करायला सेकंदाच्या पंधराव्या ते साठाव्या भागाएवढा वेळ लागतो. स्टॅक्ड सेन्सरमध्ये ठिपक्यांच्या थरामागेच वेगवान मेमरीचा थर जोडलेला असतो, त्यामुळे वाचन कितीतरी पटींनी लवकर होतं. निकॉन झेड८ हा २०२३ चा कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा सेन्सर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास वाचून संपवतो. इतक्या लवकर, की निकॉनने त्यात यांत्रिक शटर ठेवलंच नाही. आणि सोनीच्या ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे: तिथं हजेरी नाहीच, सगळा वर्ग एकाच क्षणी ‘हजर’ म्हणतो.

याचा संबंध फक्त पक्ष्यांशी आणि क्रिकेटशी आहे असं वाटत असेल, तर एका मैफलीत काय झालं ते सांगतो. शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम, छोटं सभागृह. गायिकेने नुकता आलाप सुरू केला होता. पूर्वीच्या डीएसएलआरचा आरसा तिथं खाडकन वाजायचा आणि पहिल्या रांगेतली मंडळी वळून बघायची, म्हणून मी मिररलेसचं, म्हणजे आरसाच नसलेल्या कॅमेऱ्याचं, सायलेंट शटर लावलं आणि निर्धास्त झालो. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत गायिकेच्या कपाळावर, गळ्यावर, तंबोऱ्यावर आडवे काळपट पट्टे.

झालं असं, की आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही. माझ्या त्या बॉडीला सेन्सर वाचायला सेकंदाचा विसावा भाग लागत होता. तेवढ्यात दिवा पाच वेळा मंद होतो. ज्या ओळी मंद वेळी वाचल्या गेल्या त्या काळ्या, म्हणजे फोटोत बरोबर पाच पट्टे. शटर स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवला असता तर प्रत्येक ओळीला दिव्याचा अख्खा फेरा मिळाला असता आणि पट्टे गेले असते. मी १/३२० वर काढत होतो. स्टेजवरच्या रंगीत एलईडीचं लुकलुकणं याहून वेगवान आणि वेडंवाकडं असतं, तिथं हा उपाय नेहमी चालत नाही. मैफल, नाटक, नृत्य हेच ज्याचं काम आहे त्याने म्हणून वेगवान वाचनाच्या बॉडीसाठी पैसे साठवावेत असं मला मनापासून वाटतं. निकॉन झेड६ थ्रीमध्ये अर्धवट स्टॅक्ड सेन्सर आहे. झेड८ परवडत नसेल तर तो मधला रस्ता आहे.

वेगवान वाचनाचा आणखी एक फायदा ऑटोफोकसला होतो. सेन्सर जितक्या लवकर वाचला जातो तितक्या जास्त वेळा कॅमेऱ्याला समोरचं दृश्य तपासता येतं. अक्षतांमधून डोळा धरून ठेवणं त्यामुळे सोपं जातं, म्हणजे अंतरपाटाच्या सेकंदातही हीच गोष्ट कामाला येते.

ताडोबात कॅमेरा का अडकतो

जंगलात आपण जिप्सीतून उतरू शकत नाही. वाघ जिथं आहे तिथं आहे, अंतर आपल्या हातात नाही. म्हणून जंगलात पैसे आधी लेन्सवर घालायचे, ५०० किंवा ६०० मिलिमीटरच्या, आणि बॉडी नंतर.

इथं लहान सेन्सरचा फायदा होतो. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. एपीएस-सी हा लहान सेन्सर त्याच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्रफळाचा. तीच ६०० ची लेन्स एपीएस-सी बॉडीवर लावली की दृश्य फुल फ्रेमवरच्या ९०० च्या लेन्सएवढं दिसतं, कॅननवर ९६० एवढं. लेन्स लांब होत नाही. चित्राचा मधला तुकडाच टिपला जातो. मग फुल फ्रेमवर काढून नंतर तुकडा कापला तर? तेही चालतं, फक्त हिशेब करा. ४५ मेगापिक्सेलचा मधला एपीएस-सीएवढा तुकडा काढला तर १९ मेगापिक्सेल उरतात. २४ चा काढला तर जेमतेम १०. कॅननचा आर७ त्याच तुकड्यात ३२ मेगापिक्सेल देतो. भिगवणला दूरच्या पाण्यात उभे असलेले रोहित उन्हात टिपायला आर७ उत्तम आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात मात्र मोठा सेन्सर पुढे जातो, कारण त्याच लेन्सछिद्रावर त्याच्या वाट्याला एकूण उजेड दुपटीहून अधिक येतो आणि फोटो कमी रवाळ दिसतो.

आता अडकण्याबद्दल. वाघीण झुडपातून रस्त्यावर येते. सगळ्या जिप्सींतून एकदम टरटर सुरू होते. ती पाठमोरी चालत असते तरी बोट बटणावरून उठत नाही. सेकंदाला १५ रॉ फोटो, प्रत्येक ३२ एमबीचा, म्हणजे सेकंदाला ४८० एमबी. ते आधी बॉडीच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, साठतात आणि तिथून कार्डावर जातात. साधं यूएचएस-१ कार्ड कागदावरच जास्तीत जास्त १०४ एमबी घेतं. टाकीत पाणी चार नळांनी येतंय आणि एका नळाने जातंय. काही सेकंदांत टाकी भरते, कॅमेरा रखडत एक-एक फोटो घेऊ लागतो, आणि नेमकी तेव्हाच वाघीण थांबून मान वळवते. सफारीत शेजारच्या माणसाचं हे होताना मी स्वतः पाहिलं आहे आणि त्याचा चेहरा अजून आठवतो. सीएफएक्स्प्रेस हे कितीतरी वेगवान कार्ड घेणारी बॉडी कशासाठी असते, ते इथं कळतं. ती परवडत नसेल तर यूएचएस-२ कार्ड घ्या आणि छोट्या-छोट्या तुकड्यांत फोटो काढा. बोट आवरणं फुकट आहे.

खंड्या, वेडा राघू असल्या पक्ष्यांच्या मागे असाल तर प्री-कॅप्चर नावाची सोय आहे का ते बघा. बटण अर्धं दाबलेलं असताना कॅमेरा सतत फोटो घेत राहतो आणि जुने टाकत राहतो. पूर्ण दाबलं की त्याआधीचा अर्धा-एक सेकंदही जपून ठेवतो. पक्षी उडाला हे डोळ्याला कळून बोट दाबलं जाईपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो, आणि खंड्याला फांदी सोडायला तेवढा पुरतो. ओएम सिस्टिम या कंपनीच्या ओएम-१ मध्ये ही सोय फार चांगली आहे. त्याचा सेन्सर आणखी लहान, पण स्टॅक्ड, आणि बॉडी-लेन्सचं एकूण ओझं इतकं कमी की दिवसभर हातात धरून फिरता येतं.

वारीचा पाऊस

ओएम-१ चं नाव निघालंच आहे तर वारीचं सांगतो. आषाढी वारीत आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत चालत फोटो काढायचे तर पावसाची खात्री आणि धुळीचीही. जाहिरातीत ‘वेदर सील्ड’ लिहिलेलं असतं, पण बहुतेक कंपन्या किती पाणी चालेल त्याचा आकडा देत नाहीत. ओएम-१ ला धूळ-पाणी किती सोसेल ते सांगणारं आयपी५३ हे मानांकन आहे, तेही तशीच सीलबंद लेन्स लावली तर. हे बारकाईने वाचायला हवं: बॉडी कितीही भारी असली तरी लेन्सच्या मागच्या कडेला रबराची कड नसेल तर पाणी तिथूनच आत जातं.

वारीत मी दोन हलक्या बॉड्या बाळगतो, एकीवर रुंद लेन्स, दुसरीवर लांब, म्हणजे रस्त्यात लेन्स बदलावी लागत नाही. बाजीराव विहिरीच्या गोल रिंगणात माउलींचा अश्व दौडत येतो आणि त्याच्या टापांखालची माती उचलायला लोक धावतात, त्या धुरळ्यात लेन्स काढली तर सेन्सरवर डाग बसलेच. घोड्यासाठी चांगला ऑटोफोकस लागतो हे खरं, पण वारीचे माझे आवडते फोटो रिंगणाचे नाहीत. मुक्कामी पायाला तेल चोळणारी म्हातारी, पिठलं ढवळणारा टाळकरी, टपरीखाली पाऊस जायची वाट बघणारी दिंडी. त्यासाठी लहान, शांत, समोरच्याला दडपण न आणणारा कॅमेरा हवा. फुजीच्या एक्स मालिकेच्या बॉड्या मला इथं फार आवडतात. बॅटऱ्या मात्र मोजून घ्या. निकॉनच्या डी८५० या डीएसएलआरचा प्रमाणित आकडा एका बॅटरीवर १८४० फोटोंचा होता. बऱ्याच मिररलेसचा ३०० ते ६०० च्या दरम्यान असतो, आणि पालाच्या मुक्कामात प्लग शोधत फिरावं लागतं.

जिथं घाई नाही

दागिने, पदार्थ, घरांची अंतर्गत सजावट, चित्रांच्या प्रती ही कामं करणाऱ्यांनी वरचं जवळजवळ सगळं विसरावं. कोल्हापुरी साज मखमलीवर ठेवला आहे, कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, दिवे आपल्या हातात आहेत. साज कुठंही उडून जाणार नाही. इथं वेगाला, बफरला, डोळा शोधणाऱ्या फोकसला काही किंमत नाही. पिक्सेल हवेत, कारण गिऱ्हाईक मण्यावरची नक्षी मोठी करून बघतं. सावलीतला तपशील वर काढता यायला हवा. आणि केबलने संगणकाला जोडून मोठ्या पडद्यावर बघता यायला हवं.

या कामासाठी जुना डी८५० आजही घ्यावा. २०१७ चा कॅमेरा, पण ४५ मेगापिक्सेल आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४ पासून सुरू. २०२० नंतर कॅनन-निकॉनने नवा डीएसएलआर काढलेला नाही आणि बहुतेक कंपन्या मिररलेसकडे वळल्या, त्यामुळे असल्या बॉड्या सेकंडहँड बाजारात चांगल्या भावात मिळतात. मोठ्या जाहिरातींचं काम असेल तर फुजीची जीएफएक्स मालिका आहे, १०० मेगापिक्सेलपर्यंत आणि ४४ बाय ३३ मिलिमीटरचा सेन्सर. ती आधी कामापुरती भाड्याने आणावी.

उघड्यावरच्या प्री-वेडिंगला फ्लॅश वापरणाऱ्यांसाठी एक आकडा सांगून ठेवतो. भर दुपारी मेणवलीच्या घाटावर आयएसओ १०० आणि लेन्सचं छिद्र एफ २.८ ठेवलं तर शटर ३२०० व्या भागाच्या आसपास लागतं. पडद्याच्या शटरसोबत फ्लॅश पूर्ण ताकदीने चालतो तो २०० व्या-२५० व्या भागापर्यंतच. ग्लोबल शटर ही अडचण मिटवतं, पण अंधार करणारा एनडी फिल्टरही ती मिटवतो, काही हजारांत.

सेकंडहँड घ्यायला मुंबईच्या बोरा बाजारात किंवा आपल्या गावातल्या ओळखीच्या दुकानात जाल तेव्हा बॉडी हातात घेऊन हे करा. रिकामं कार्ड बरोबर न्या, दोन्ही स्लॉट वापरून बघा. शटर काउंट विचारा. यांत्रिक शटरचं आयुष्य बॉडीनुसार साधारण १ ते २ लाख क्लिक धरतात. झाकण लावून तीस सेकंदांचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा, जळलेले ठिपके चमकतील. लेन्स काढून माउंटच्या कडेचं रबर नीट आहे का ते बोट फिरवून पाहा. मग सायलेंट शटर लावा, १/५०० वर दुकानातल्या एलईडीकडे कॅमेरा करून एक फोटो घ्या आणि पट्टे मोजा.